काय हरवलं, हे तरी कळायला हवं



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी जुनं पण धडधाकट मशीन भंगारात घालण्यापेक्षा त्यावर लिनक्स टाकलं. चांगलं केलंत. मिंट किंवा उबुंटू टाकणं हे आता तासाभराचं काम आहे. पण त्यानंतर मला जे फोन येतात ते सगळे एकाच छापाचे. "अरे, सी आणि डी ड्राइव्ह कुठे गेले? जुनी डिस्क एकीकडे दिसते, नवीन दुसरीकडे, बाहेरची लावली की तिसरीकडे. आता फोटो नेमके ठेवू कुठे?"

याचं तांत्रिक उत्तर दहा मिनिटांचं आहे आणि ते खाली देतोच. पण माझं म्हणणं असं की प्रश्नच थोडा चुकतोय. "कुठे ठेवू" याच्या आधी "माझ्याकडे आहे काय" हे माहीत पाहिजे. मी स्वतः इंजिनिअर, पोटापाण्याचा धंदाच कॉम्प्युटरचा, आणि तरी हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं ते आधी सांगतो.

२५ मे २०१८, शुक्रवार. मेकुनू वादळ सलालाहजवळ किनाऱ्यावर आलं ती संध्याकाळ इथल्या कोणाच्या विस्मरणात जाईल असं वाटत नाही. वर्षाला जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात चोवीस तासांत २७८ मिलिमीटर पडला. आपल्याला सलालाहचा पाऊस म्हणजे खरीफ, म्हणजे कोकणातल्यासारखी भुरभुर, शहाळ्याच्या टपऱ्या आणि हिरवे डोंगर. हे प्रकरण वेगळं होतं. आम्ही तेव्हा दहारीझच्या बाजूला तळमजल्यावर राहायचो. पाणी दारातून आत यायला लागलं तेव्हा मी पासपोर्टची पिशवी आणि कपाटातल्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क उचलल्या, आणि आम्ही दोघं वरच्या मजल्यावरच्या मल्याळी शेजाऱ्यांकडे गेलो. सीपीयूचा डबा टेबलाखाली जमिनीवर होता, तो तिथेच राहिला.

दोन दिवसांनी खाली आलो तेव्हा घरात घोटाभर चिखल. डब्यात दोन डिस्क होत्या. वाळवून, पुसून एक चालू झाली, दुसरी झाली नाही. एका डेटा काढून देणाऱ्याला विचारलं. त्याने सांगितलेली रक्कम माझ्या महिन्याच्या भाड्याहून जास्त होती. मी मनात हिशोब केला: त्या डिस्कवर होतं काय? जुना कॉलेजचा पसारा, थोडी गाणी, बाकी सगळं कुठेतरी डबल असणारच. नको म्हटलं. डिस्क कचऱ्यात टाकली. उचलून नेलेल्या दोन डिस्कांवर काय होतं म्हणाल तर एकीवर सिनेमे, आणि दुसरीवर सॉफ्टवेअरच्या सीडींच्या कॉप्या व त्याच त्या फोटोंच्या तीन-तीन प्रती. अगदी जिवापाड जपून वर नेलं होतं मी ते :-)

इथपर्यंत ही विनोदी गोष्ट आहे. पुढची नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला पूर आला. कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ ची. आमचं घर गावभागात. आई-बाबा वेळेवर मावशीकडे गेले, माणसं सुखरूप राहिली, पण खालच्या खोल्या गेल्या. दिवाळीला घरी गेलो तेव्हा बाबा मोडक्या ट्रंकेकडे बोट दाखवून म्हणाले, "आईची कॅसेट पण गेली रे. पण तुझ्याकडे कॉम्प्युटरवर आहे ना ती?"

आईची म्हणजे माझ्या आजीची. १९९४ साली बाबांनी तिला समोर बसवून टेपरेकॉर्डर लावला होता. लग्न होऊन बैलगाडीतून सासरी कशी आली ते, बहात्तरच्या दुष्काळातल्या कामाच्या गोष्टी, आणि मध्येमध्ये जात्यावरच्या ओव्या. साठ मिनिटांची कॅसेट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी ती वायर जोडून ऑडॅसिटीत घेतली होती, आवाज साफ केला होता, आणि कॅसेट परत ट्रंकेत ठेवली होती.

मी "आहे की" म्हणालो. सलालाहला परत आलो आणि तीन रात्री शोधलं. 'फाइंड' आज्ञेने सगळ्या डिस्क पिंजून काढल्या, प्रत्येक एमपीथ्री, प्रत्येक वेव्ह फाइल. नव्हती. ती 'जुना कॉलेजचा पसारा' असलेल्या डिस्कवरच होती. बाबांना सांगायला मला चार महिने लागले.

आता बघा, डिस्क बुडाली हा माझा दोष नाही. पण मे २०१८ पासून ऑगस्ट २०१९ पर्यंत, म्हणजे चौदा महिने, ती कॅसेट सांगलीच्या ट्रंकेत सुखरूप होती. बुडालेल्या डिस्कवर काय होतं हे मला ठाऊक असतं तर मी जूनमध्येच बाबांना फोन केला असता आणि चुलतभावाकडून अर्ध्या दिवसात ती पुन्हा भरून घेतली असती. मला हरवल्याचंच कळलं नाही, म्हणून दुसऱ्यांदा आणि कायमचं हरवलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. फाइल पटकन सापडावी हा नीट मांडणीचा फायदा आहेच, पण त्याहून मोठा फायदा हा की एखादी डिस्क गेली तर नेमकं काय गेलं हे त्याच दिवशी कळतं.

तर आता कामाचं बोलू. (आज्ञांची नावं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाकायची.)

पहिली गोष्ट, कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कागद घ्या आणि तीन ढीग करा. एक, पुन्हा कधीच न मिळणारं: घरचे फोटो, आवाज, पत्रं, मुलांची चित्रं. दोन, मिळेल पण चपला झिजवून मिळेल असं: जन्मदाखला, सातबारा, डिग्री, लग्नाचं सर्टिफिकेट, आणि त्यावरचे अटेस्टेशनचे शिक्के. तीन, कधीही मिळेल असं: सिनेमे, सॉफ्टवेअर, डाउनलोड. माझ्याकडे सगळं मिळून साधारण ५ टीबी निघालं. त्यातला पहिला ढीग ३८० जीबी आणि दुसरा अवघा २ जीबी! म्हणजे इतकी वर्षं मी ज्या पसाऱ्याला घाबरत होतो त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त गेलं असतं तरी डोळ्यात पाणी आलं नसतं. सांभाळायचं थोडंच असतं, हे कळल्यावर निम्मं काम झालं.

दुसरी गोष्ट, लिनक्सची खुबी समजून घ्या. विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला वेगळं अक्षर, म्हणून आपण डिस्कप्रमाणे विचार करतो: "फोटो डी वर, सिनेमे ई वर". लिनक्समध्ये एकच झाड असतं आणि कुठलीही डिस्क त्या झाडाच्या कुठल्याही फांदीवर, म्हणजे फोल्डरवर, टांगता येते. यालाच माउंट करणं म्हणतात. त्यामुळे फोल्डरची नावं डिस्कवरून न देता विषयावरून द्या. माझ्या होममध्ये 'घर' नावाचं एकच फोल्डर आहे. त्यात कागदपत्रे, फोटो, आवाज, सांगली, शाळा. त्यामागे कुठली डिस्क आहे याच्याशी घरातल्या कोणाला देणंघेणं नाही. उद्या डिस्क बदलली तरी 'घर' तिथेच राहील.

हे करताना एक खड्डा आहे. सिस्टीम डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं देते, आणि ती दर वेळी तीच राहतील याची खात्री नसते. एखादी यूएसबी आधीपासून लावलेली असली की कालची एसडीबी आज एसडीसी होते. म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये ही नावं कधीही लिहू नका, डिस्कचा यूयूआयडी लिहा. 'एलएसबीएलके' ला 'वजा एफ' लावलं की तो दिसतो. बाहेरच्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा शब्द घाला. नाहीतर ती डिस्क लावलेली नसताना मशीन दीड मिनिट वाट बघतं आणि मग काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड दाखवून थांबतं. घरच्यांना वाटतं, मशीन गेलं. आणि प्रत्येक डिस्कला लेबल द्या, तेच नाव चिकटपट्टीवर लिहून डिस्कच्या पाठीवर लावा. पूर आल्यावर लेबल बघायला कोणी टर्मिनल उघडत नाही.

तिसरी गोष्ट, कॉपी. यासाठी 'आरसिंक' सारखं दुसरं काही नाही. पण त्याचा एक घातकी प्रसंग सांगून ठेवतो. डिस्क माउंट झालेली नसली तरी तिचं फोल्डर तिथे असतंच, फक्त रिकामं. अशा वेळी मूळ फोल्डर रिकामं असताना 'डिलीट' पर्याय लावून आरसिंक चालवलं, तर ते इमानेइतबारे तुमची कॉपीसुद्धा रिकामी करतं. उलट, बॅकअपची डिस्क लावलेली नसेल तर सगळं सिस्टीमच्याच डिस्कवर जाऊन पडतं, ती भरते, आणि तुम्ही बॅकअप झाला म्हणून निवांत. उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये आधी 'माउंटपॉइंट' आज्ञेने दोन्ही जागा तपासा, आणि पहिल्यांदा नेहमी 'ड्राय रन' करून काय होणार ते वाचा.

चौथी गोष्ट खास आपली, मराठी नावांची. मी फाइलींना मराठीतच नावं देतो आणि तुम्हीही द्या. 'डॉक्युमेंट न्यू टू' पेक्षा 'बाबांचा पेन्शनचा कागद' कितीतरी बरं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएस मध्ये हीच मर्यादा चिन्हांची असते, म्हणून तिथे चाललेलं लांबलचक मराठी नाव इकडे कॉपी करताना अडतं. कॉपी संपल्यावर शेवटी आलेल्या चुका वाचत जा, त्या फायली मागेच राहिलेल्या असतात.

दुसरी गंमत 'ऱ' ची. वऱ्हाड, सातारच्या दऱ्या, नवऱ्याकडचे पाहुणे, सगळीकडे हा येतो. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हेने साठवता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे करून. डोळ्याला दोन्ही सारखेच. जुन्या मॅकवर नावं तुकडे करून साठवली जात. बहिणीच्या जुन्या मॅकवरून तिच्या लग्नाचे फोटो आले आणि माझ्याकडे 'वऱ्हाड' नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी दिसायला लागली. मला वाटलं डिस्कच बिघडली. लिनक्स फक्त बाइट बघतं, त्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावं. 'कॉन्वएमव्ही' नावाचं छोटं साधन 'एनएफसी' पर्याय देऊन चालवलं की सगळी नावं एका तऱ्हेची होतात. आणि हो, नावाच्या सुरुवातीला तारीख घालणार असाल तर वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने, आणि आकडे रोमन ठेवा. कॅमेऱ्याच्या फाइलींबरोबर त्या मग नीट रांगेत लागतात.

पाचवी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: यादी. महिन्यातून एकदा एक स्क्रिप्ट 'घर' मधल्या प्रत्येक फाइलचं नाव आणि तिचा 'शा-२५६' ठसा काढून एका साध्या टेक्स्ट फाइलीत लिहिते. ही यादी त्या डिस्कवर असतेच, पण फोनवर आणि माझ्या मेलमध्येही असते. डिस्क गेली तर यादी सांगेल काय गेलं. डिस्क चालू आहे पण एखादा फोटो आतून खराब झालाय, हेसुद्धा ठसे पुन्हा ताडून बघितले की कळतं. वर्षातून एकदा, खरीफ संपला की मी हे करतो. खरीफमध्ये इथे चपलांना बुरशी येते, तिथे डिस्कचा काय भरवसा.

आता मला जे नेहमी ऐकवलं जातं त्याबद्दल. "एवढं कशाला, एलव्हीएम लावून चार डिस्कची एक मोठी डिस्क कर की." तांत्रिकदृष्ट्या छान. पण साध्या एलव्हीएममध्ये चारांपैकी एक गेली की सगळ्या फाइलसिस्टीमवरच पाणी सोडायची वेळ येते. एकत्रच दिसायला हवं असेल तर 'मर्जरएफएस' बघा, त्यात प्रत्येक डिस्कवरच्या फायली त्या डिस्कवरच अख्ख्या राहतात. "रेड लाव." रेड डिस्क बिघडण्यापासून वाचवतं. माझ्या हातून फोल्डर पुसलं गेलं तर ते दोन्हीकडून एकाच क्षणी पुसतं, आणि दोन्ही डिस्क एकाच डब्यात असल्या तर एकाच चिखलात बुडतात. "क्लाउडवर टाक." टाकतोच, कागदपत्रं आहेत तिथे. पण आपण परदेशात आहोत. डिजिलॉकर काय किंवा बँक काय, ओटीपी जातो भारतातल्या नंबरवर. रिचार्ज करायचं विसरून ते सिम बंद पडलं की आपलाच दरवाजा आपल्याला बंद. हे आपल्यातल्या किती जणांना झालंय ते मोजायला नको.

म्हणून माझी दुसरी प्रत सांगलीला असते, आता वरच्या मजल्यावरच्या कपाटात. दर वर्षी जाताना ताजी डिस्क हातातल्या सामानात नेतो, जुनी परत आणतो. ती लक्सने कुलूपबंद असते आणि पासवर्ड बायकोकडे आणि बहिणीकडे कागदावर लिहिलेला आहे. तो गेला तर कुलूप माझ्यासकट कोणालाच उघडणार नाही. सलालाहला वादळ येतं, सांगलीला पूर येतो, हे दोन्ही मी बघितलंय. दोन्ही एकाच दिवशी येऊ नये एवढीच अपेक्षा.

या सगळ्याची परीक्षा गेल्या वर्षी झाली. मी कामासाठी थुमरैतच्या पुढे वाळवंटात, फोनला रेंज येऊन-जाऊन. मुलीच्या शाळेला अटेस्ट केलेला जन्मदाखला त्याच दिवशी हवा होता. बायकोचा फोन लागला तो वीस सेकंद. मी म्हटलं, "घर, मग कागदपत्रे, मग तिचं नाव." फोन तुटला. संध्याकाळी मेसेज आला: "मिळाला. पण 'अंतिम', 'अंतिम नवीन' आणि 'अंतिम खरा' अशा तीन फायली आहेत. कुठली ते तीन्ही उघडून बघावं लागलं. इंजिनिअर म्हणे." तेव्हा सगळं सुधारलंय असा दावा नाही :-)

पण हीच खरी कसोटी आहे असं मला वाटतं. आपण आयटीवाले आपल्याला शोभेल अशी व्यवस्था करतो, लिंकांच्या लिंका, स्क्रिप्टांच्या स्क्रिप्टा, आणि ती चावी फक्त आपल्या डोक्यात. आपल्याला काही झालं तर घरच्यांच्या हातात चार काळे डबे येणार आणि त्यांना ते उघडायचे कसे हेही माहीत नसणार. ज्या मांडणीत बायको, आई किंवा दहा वर्षांची पोर आपल्याशिवाय हवा तो कागद काढू शकत नाही, ती मांडणी मी तरी मानणार नाही.

तेव्हा या शुक्रवारी सुट्टीला एवढंच करा. सगळ्या डिस्क टेबलावर मांडा. कागदावर प्रत्येकीचं नाव आणि तिच्यावर काय आहे ते लिहा. ज्या डिस्कपुढे "जुना पसारा" एवढंच लिहिता येतंय, ती आधी उघडून बघा. आणि संध्याकाळी गावी फोन लावून विचारा, माळ्यावर, ट्रंकेत, कपाटात कॅसेटी, रोलचे फोटो, पत्रं काय काय उरलंय. बाबांनी आता त्यांच्याकडच्या सगळ्याची वहीत यादी केली आहे. त्यात एका कॅसेटच्या नावावर काट मारलेली आहे. ती ओळ त्यांनी खोडून टाकली नाही, आणि माझ्या यादीतही मी ती तशीच ठेवली आहे.

कोणाला स्क्रिप्ट हवी असेल तर कळवा, पाठवतो. मतभेद असतील तर तेही कळवा. चू. भू. द्या. घ्या.

लोभ असावा,
एक सलालाहकर

ता. क.: जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं घड्याळ इथे आल्यावर बदललं नसेल तर इथले फोटो दीड तास पुढचे दिसतात. वाढदिवसाचा केक कापण्याआधीच संपलेला दिसला तर घाबरू नका. 'एक्झिफटूल' ने सगळ्या फोटोंची वेळ एकदम मागे घेता येते. मात्र आधी कॉपी काढा!